मिठाच्या गाडीतला शिपाई

अण्णा,

गाडी परवा गेली. क्रेन मागवावी लागली, कारण चाकं जमिनीत रुतली होती आणि मागच्या टायरांच्या मधून एरंड वर आला होता. पार्ल्याचे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी नेली. त्यांना जुन्या लष्करी गाड्यांचा नाद. अशा गाड्या शोधून नेतात, दुरुस्त करतात, मूळचा रंग देतात आणि वर्षातून एकदा मिरवणुकीत चालवतात. निघताना मला म्हणाले, "मावशी, गाडीबद्दल थोडं लिहून द्या ना. फ्रेम करून काचेपाशी लावू. लोक विचारतात, कुठून आली, काय काय बघितलंय तिनं." मी म्हटलं, "अहो, मी सातवी पास. मला कुठलं लिहिता येतंय." तर म्हणाले, "बोलता तसंच लिहा." म्हणून आज कागद घेऊन बसले. वर लिहिलं, 'गाडीचा इतिहास'. खाली पहिला शब्द उतरला तो 'अण्णा'. मग वरचं खोडून टाकलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण जे घडत होतं ते तुम्हाला न सांगितलेलंच बरं होतं. आता जे कळलंय ते मात्र तुमचंच आहे.

गाडी आली तो दिवस मला अजून दिसतो. भांडुपच्या पूर्वेला, मिठागराच्या अलीकडे आपली चाळ, पुढे उघडी जागा, आणि त्या जागेत तुम्ही ती हिरवी थ्री-टन गाडी वळवून उभी करताय. एवढी मोठी गाडी मी जवळून कधी पाहिली नव्हती. चाळीतली सगळी पोरं धावली. तुम्ही खाली उतरलात आणि कुणाकडे न बघता ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावून त्यावर हात ठेवून उभे राहिलात. दाराला बिजागरीच्या वर एक गोल ठिगळ होतं, वेल्डिंगनं बसवलेलं. लष्कराच्या लिलावात ज्या दलालानं तुम्हाला गाडी दाखवली, त्यानं सांगितलं होतं की ही लढाईतली गाडी, गोळी इथून आत आली आणि चालवणारा शिपाई जागेवर गेला. म्हणून तिला कोणी हात लावत नव्हतं. तुम्ही मात्र म्हणे ते ऐकून लगेच बोली लावलीत. तरुणपणी तुम्ही दोनदा भरतीला गेला होतात आणि दोन्ही वेळा छाती कमी भरली म्हणून परत पाठवलं होतं, हे मला आईनं नंतर सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला तुम्ही केळीचं एक पान जास्त आणलंत. आजोबा-आजीचं पान घरात मांडून झाल्यावर आईला म्हणालात, "आणखी एक वाढ." वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सगळं वाढलेलं ते पान घेऊन तुम्ही बाहेर गेलात आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलंत. आई दारातून बघत होती. ती तिच्या मालवणीत म्हणाली, "हय जित्या माणसांक कोण इचारीत नाय, आणि त्या शिपायाक मात्र खीर!" चाळ हसली. तुम्ही हसला नाहीत. "ज्याच्या जागेवर बसून आपण पोट भरणार, त्याला वर्षाकाठी एक घास द्यायला काय झालं?" एवढंच म्हणालात आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलात.

पुढच्याच वर्षी मी त्या पानावरचा एक वडा उचलला. कावळा येईना, वडे गार होत होते, आणि मला भूक लागली होती. तुम्ही हात धरलात. मारलं नाहीत, पण इतक्या हळू आवाजात बोललात की मार परवडला असता. "बाय, त्याचं घर कुठं आहे ते त्याला माहीत, आपल्याला नाही. घरी त्याला कोणी वाढत असेल का नसेल? आपल्याकडचं एक जेवण, तेही तू खाणार?" मी वडा परत ठेवला. त्या दिवसापासून तो शिपाई माझ्यासाठी खरा झाला. तोपर्यंत तो तुमची गोष्ट होता.

गाडीवर तुम्ही मीठ वाहिलंत. मिठागरातून पोती भरायची आणि मुलुंड, ठाणे, कधी घाटकोपरच्या गोदामांत टाकायची. मीठ लोखंड खातं, म्हणून दर वर्षी पाऊस लागायच्या आधी तुम्ही गाडी रंगवायचात. आधीचा रंग खरवडायला वेळ नसायचा, त्यावरच लाल ऑक्साइड आणि वर निळा. आईला वाटायचं, इतका रंग घराला लावला असता तर घर दिसलं असतं. शाळा सुटल्यावर मी तुमच्याबरोबर यायची, आणि पोती उतरेपर्यंत केबिनमध्ये बसून रद्दीवाल्याकडून आणलेली पुस्तकं वाचायची, पानं फाटलेली, शेवट नसलेली. एका संध्याकाळी तुम्ही बॅटरीवरून एक वायर ओढून डोक्यावर लहानसा बल्ब लावलात आणि खाली बटण दिलंत. "डोळे फोडून घेऊ नकोस," म्हणालात. माझी सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही, ते त्या बल्बमुळे. मला कोणी कधी काही दिलं असेल तर तो बल्ब.

तुम्ही गेल्यावर गाडी तुमच्या जावयांनी चालवली. ह्यांना गोष्टी-बिष्टी फारशा पटायच्या नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या अमावास्येला मी भीत भीत विचारलं, "बॉनेटवर पान ठेवायचं ना?" तर म्हणाले, "ठेव की. एवढी वर्षं जेवतोय, आता अर्ध्यावर उठवायचा का त्याला?" नंतर ह्यांनी त्याचं नावच पाडलं, पार्टनर. गाडी चढावर कण्हायला लागली की म्हणायचे, "पार्टनर, उतरून जरा ढकल रे." अमावास्येला कामावरून उशिरा आले की पहिला प्रश्न, "पार्टनर जेवला का गं?" पुढे मिठाचं काम बंद पडलं, गाडीचे कागद संपले, गाडी तिथंच उभी राहिली. हे पण थकले. चार वर्षांपूर्वी हे गेले.

अण्णा, त्यानंतरचं सांगते. घरात कुणी नसलं की बोलणं बंद होतं असं लोक म्हणतात. तसं होत नाही. बोलणं आत साचतं. संध्याकाळी मी गाडीच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. सुरुवातीला नुसती बसायची. मग एक दिवस सहज म्हणाले, "आज सिलिंडर आला बाबा एकदाचा." आणि म्हटल्यावर बरं वाटलं. मग रोजचं झालं. ह्यांच्याशी किंवा तुमच्याशी बोलायला गेलं की रडू येतं. पार्टनरशी बोलताना येत नसे, कारण त्याला मी कधी गमावलेलं नव्हतं. तो आमच्याकडे आला तोच मेलेला.

यंदा चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं. सही करून दिली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजी, ते भंगार पावसाळ्यानंतर काढा हां." पुण्याहून लेकीचा फोन. "आई, देऊन टाक ना गं. किती वर्षं ते धूड सांभाळणार?" मी म्हटलं, "त्यात माणूस आहे." ती म्हणाली, "आई, तू थोडे दिवस इकडे ये बघू." तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तेव्हा मी ठरवलं, गाडी जाऊ दे, पण जायच्या आधी त्याचं नाव कळलं पाहिजे. नाव, गाव, आणि घरी कोण आहे. त्याची बायको असेल, माझ्याहून थोडी मोठी. तिला सांगायचं होतं की बाई, तुझ्या माणसाला भांडुपमध्ये दर वर्षी कोणीतरी जेवायला वाढलंय, तो उपाशी नाही. एवढं एक काम माझ्या हातून व्हायला हवं होतं.

डॉक्टर ह्यानंतर आले. कोणीतरी त्यांना गाडीचा फोटो पाठवला होता. मी म्हटलं, "गाडी घ्या, पण आधी हिचा माणूस शोधून द्या." दुसऱ्या कोणी हसलं असतं. ते म्हणाले, "शोधू. गाडीच सांगेल." लष्करी गाडीवर पुढे-मागे तुकडीची निशाणी रंगवलेली असते, विकायच्या आधी त्यावर रंग फासतात, पण खाली ती राहते, असं त्यांनी समजावलं. पुढच्या रविवारी थिनर, चिंध्या आणि पात्या घेऊन आले आणि बंपरसमोर मांडी घालून बसले. मी चहा केला. निळा निघाला, मग लाल, मग पुन्हा निळा, पुन्हा लाल. "मावशी, किती रंग लावलेत हो वडिलांनी! कांदा सोलतोय असं वाटतंय." मी म्हटलं, "मिठाची गाडी होती. रंग होता म्हणून लोखंड राहिलं." "म्हणून तर निशाणीही राहिली असणार," ते म्हणाले. तुमचे सगळे पावसाळे त्या पात्याखाली एकेक करून निघत होते आणि मी बघत होते. शेवटी हिरवा लागला. हिरव्याच्या खाली पांढरा चौकोन, आणि त्यात लाल रंगाचं इंग्रजी अक्षर, एल.

डॉक्टरांचा हात थांबला. "मावशी," ते जपून म्हणाले, "ही शिकाऊ गाडी होती. ड्रायव्हिंग शिकवायची."

"शिकवून झाल्यावर लढाईवर गेली असेल," मी म्हटलं.

"असेलही," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मडगार्डवर आणखी एक निशाणी मिळाली. तिचा फोटो त्यांनी जुन्या फौजी लोकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकला. काही दिवसांनी उत्तर आलं की ही निशाणी एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या केंद्राची, आणि तिथले एक जुने उस्ताद अंधेरीच्या एका गावठाणात राहतात. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. डॉक्टरांना दवाखाना होता. मी म्हटलं, मी एकटी जाते. घाटकोपरहून मेट्रोनं गेले. बरोबर दाराच्या ठिगळाचा फोटो होता, आणि वडे होते, कारण रिकाम्या हातानं जायचं कसं.

मोठ्या इमारतींच्या मध्ये कौलारू बैठं घर, पुढे क्रूस, क्रुसापुढे झेंडूची माळ. म्हातारे व्हरांड्यात बसलेले, पंचाऐंशीच्या आसपासचे, पाठ अजून सरळ. सून म्हणाली, "पप्पा, भांडुपच्या बाई आल्यात, गाडीवाल्या." ते म्हणाले, "ये, बस. गाडीवाली म्हनजे? तू चालवते का?" मी हसले. फोटो दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"हे भोक माझ्यासमोर पडलंय!"

मी पुढे सरकले. म्हटलं, आता नाव सांगतील. "कुठल्या लढाईत, अंकल?"

"कसली लढाई? रिवर्स शिकवत होतो. साताऱ्याकडचा एक पोरगा. दार उघडं टाकून, मान बाहेर काढून मागे बघतोय. मी वरडतोय, दार लाव, दार लाव! कुंपनाची वाकलेली सळी होती, ती दारात घुसली, आरपार. त्याच्या मांडीपासून वीतभर. पोरगा पांढरा पडला."

"मग तो गेला का?"

"गेला ना. टायर डोक्यावर घेऊन ग्राउंडला चक्कर मारायला गेला. मी पाठवला."

मी विचारलं, नंतर तरी गाडी लढाईवर गेली असेल, कोणी तरी तिच्यात गेलं असेल. ते मान हलवत राहिले. ती गाडी ग्राउंडच्या बाहेर कधी पडलीच नाही, म्हणाले. शिकणाऱ्या पोरांनी तिचे गिअर खाऊन टाकले आणि मग ती लिलावात निघाली. "तिच्यात कोंबडीसुद्धा मेली नाय गं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुमचं, पानाचं, पार्टनरचं. डबा उघडून वडे पुढे ठेवले आणि म्हटलं, हेच वडे. ते हसायला लागले, इतके की सून पाणी घेऊन धावत आली. "अगं, तू जित्या मानसाचं श्राद्ध घातलंस! इतकी वर्सं! म्हनून तर तो मरत नाय! आयुष्य वाढवलंस तू त्याचं!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. "आमच्यात पन ज्यांचं कुनी नाय त्यांच्यासाठी देवाकडं मागतात," ते म्हणाले, "वाया नाय जात." आणि मी काही म्हणायच्या आत त्या साताऱ्याच्या पोराला फोन लावलासुद्धा. "काय रे गाढवा, जिता हायस ना? हां. एक बाई तुझ्याशी बोलतेय. नीट बोल."

फोन माझ्या हातात आला. पलीकडून मोठा, शेतावरचा आवाज. "राम राम! कोन बोलतंय?" मागे कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि एक लहान मूल आजोबा, आजोबा करत होतं. अण्णा, मी काय सांगणार होते त्यांना? की 'तुम्ही मेलात असं समजून मी तुमच्याशी रोज संध्याकाळी बोलते'? तोंडातून निघालं, "काही नाही. जेवलात का?"

"जेवलो की आत्ताच! भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा," ते म्हणाले. काही विचारलं नाही, कोण, कुठली, कशाला. माणूस जेवणाचं विचारतं तर ते आपलंच असणार, असं समजून बोलले. "तुमी? तुमचं जेवान झालं का?"

"हो, झालं," मी म्हटलं. अजून थोडं बोललो, पावसाचं, गुडघ्यांचं. मग ठेवला.

परत येताना मेट्रोत खिडकीपाशी उभी होते. मला वाटलं होतं आनंद होईल. एक माणूस जिवंत निघाला, नातवंडांत आहे, याहून चांगलं काय? आणि तो झालाही, खोटं नाही सांगत. पण घरी येऊन नेहमीसारखी पायरीवर बसले तेव्हा तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. कोणाला सांगायचं? तिथं कोणी नव्हतंच. तुम्ही गेलात तेव्हा हे होते. हे गेले तेव्हा पार्टनर होता. लोक मरतात म्हणून जातात. हा मेलाच नव्हता म्हणून गेला. मी एक विधवा शोधायला निघाले होते, तिला धीर द्यायला. सगळं करून हाती लागली ती मीच.

तुमच्यावर रागावले का? दोन दिवस रागावले. तुम्ही त्या दलालाला एक प्रश्न तरी विचारायचा होता. मग वाटलं, तुम्हाला विचारायचाच नसेल. भरतीतून परत पाठवलेल्या माणसाला तो शिपाई घरी आणायचा होता, त्यानं आणला आणि जेवू घातला. कोणाचं काही नुकसान झालं नाही. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही एक दिवस खाली मान घालून बसला असतात आणि दुसऱ्या दिवशी आईच्या आधी स्वतःच चाळीत सांगत सुटला असतात. तरी तुम्हाला कळलं नाही ते बरं झालं.

अमावास्या आता येईल. डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्या दिवशी गॅरेजवर या, बॉनेट आहेच." मी नको म्हटलं. जिवंत माणसाच्या नावानं पान मांडायचं नसतं, आता कळूनसवरून कसं मांडू? यंदा आजोबा-आजीचं, तुमचं, आईचं, ह्यांचं, एवढंच. डॉक्टर गाडीला हिरवा रंग देणार आहेत आणि एल पुन्हा लाल काढणार आहेत. त्यांच्यासाठी मी चार ओळी वेगळ्या लिहीन: आधी शिकाऊ पोरांची गाडी, मग मिठाची. तेवढं खरं आहे, आणि काचेपाशी तेवढंच मावेल.

हे मात्र त्यांना द्यायचं नाही. तुम्हाला पाठवायचं तर कुठं, म्हणून घडी घालून गादीखाली ठेवेन. चाळ सुटेल तेव्हा बघू.

एक राहिलं. त्या साताऱ्याच्या माणसानं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, जेवण झालं म्हणून. झालं नव्हतं. उस्तादांसाठी वडे तळले होते, स्वतःसाठी काही केलं नव्हतं. एकटीपुरतं काय करायचं, म्हणून राहून जातं. असे बरेच दिवस असतात, अण्णा.